आग्नेय आशियाई लिप्यांचे संगणकीय संकेतन : ‘प्रदेश’ या शब्दाच्या आधारे एक विचार

लिपी म्हणजे ध्वनींची दृश्य नोंद, की ध्वनींहून काहीशी स्वतंत्र अशी आकृतींची व्यवस्था, हा प्रश्न भाषाविज्ञानाला नवा नाही. कागदावर लिहिणाऱ्याला मात्र त्याचे उत्तर द्यावे लागत नाही. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढली काय किंवा ‘क’ आधी काढला काय, कागदावर उमटणारा परिणाम एकच असतो. संगणकाच्या बाबतीत ही मोकळीक उरत नाही. संगणकाच्या स्मृतीत आकृती नसते, अंकांची मालिका असते. त्या मालिकेत कोणता अंक आधी आणि कोणता नंतर, कोणत्या चिन्हाला स्वतंत्र अंक द्यावयाचा आणि कोणते चिन्ह दोन अंकांच्या संयोगातून घडवावयाचे, हे कोणीतरी एकदा ठरवावे लागते. असे ठरविणे म्हणजेच संकेतन. प्रत्येक संकेतनात त्या लिपीविषयीचा एक सिद्धान्त गृहीत धरलेला असतो, आणि तो सिद्धान्त चुकला किंवा लिपी वापरणाऱ्यांच्या परंपरेशी विसंगत ठरला तर त्याचे परिणाम त्या भाषेच्या साहित्यालाच भोगावे लागतात, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

त्यासाठी आग्नेय आशियातील लिप्यांचा आधार घेतला आहे. थाई, लाओ, ख्मेर आणि बर्मी या चारही लिप्या ब्राह्मीच्या दक्षिणी शाखेतून उगम पावल्या आहेत. देवनागरीशी त्यांचे दूरचे का होईना, पण रक्ताचे नाते आहे. त्यांची वर्णमाला ‘क’ वर्गापासूनच सुरू होते आणि त्यांच्या शब्दसंग्रहात संस्कृत व पाली शब्दांचा भरणा मोठा आहे. त्यामुळे एकच शब्द या सर्व लिप्यांतून कसा नोंदविला जातो हे पाहता येते. येथे ‘प्रदेश’ हा शब्द त्या कामी उपयोगात आणला आहे.

१. वर्ण, आकृती आणि संकेतांक

विवेचनाआधी तीन संज्ञा स्पष्ट करणे अगत्याचे आहे. ‘वर्ण’ म्हणजे लिपीतील अर्थभेदक एकक. ‘आकृती’ म्हणजे ते एकक पडद्यावर वा कागदावर धारण करते ते रूप. ‘संकेतांक’ म्हणजे त्या एककाला दिलेला क्रमांक. युनिकोड या जागतिक मानकाचे मूलतत्त्व असे की संकेतांक वर्णाला द्यावयाचा, आकृतीला नाही. ‘र’ या एका वर्णाची ‘रथ’, ‘अर्थ’, ‘प्रथा’ आणि ‘राष्ट्र’ या शब्दांत चार रूपे दिसतात, पण संकेतांक एकच असतो. कोणते रूप कोठे काढावयाचे हे आकृती घडविणाऱ्या आज्ञावलीने आणि फाँटने पाहावयाचे.

देवनागरीच्या संदर्भात हे तत्त्व युनिकोडच्या आधीच भारतात स्वीकारले गेले होते. भारतीय लिप्यांसाठी तयार झालेल्या ‘इस्की’ या संकेतावलीत ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांतील समान वर्णांना समान संकेतांक दिलेले होते. तिची १९८८ ची आवृत्ती युनिकोडने आपल्या भारतीय विभागांसाठी आधारभूत मानली. १९९१ मध्ये सुधारित स्वरूपात तीच आयएस १३१९४ या क्रमांकाचे भारतीय मानक झाली. १९९१ मध्येच युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तीत देवनागरीचा समावेश होता.

या व्यवस्थेनुसार ‘प्रदेश’ हा शब्द सहा एककांचा होतो : प, हल् चिन्ह, र, द, एकाराची मात्रा, श. येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली अशी की क्रम उच्चाराचा आहे. ‘कि’ या अक्षरात पहिली वेलांटी डोळ्यांना आधी दिसत असली तरी संगणकात ती ‘क’ नंतरच नोंदविली जाते. दुसरी अशी की हल् चिन्ह नोंदीत असले तरी जोडाक्षरात दिसत नाही. शाळेत ज्याला ‘पाय मोडणे’ म्हणतात ती क्रिया येथे एक स्वतंत्र एकक बनते, आणि जोडाक्षर हे ‘पाय मोडलेले व्यंजन अधिक पुढील व्यंजन’ असे समजले जाते. मराठी वाचकाला हे विश्लेषण स्वाभाविक वाटते, कारण ते संस्कृत व्याकरणाच्या अंगवळणी पडलेले आहे. ते सर्वच ब्राह्मीजन्य लिप्यांना तितकेच स्वाभाविक आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

२. थाई आणि लाओ : दृश्यक्रमाचा स्वीकार

थाई भाषेत ‘प्रदेश’ हा शब्द ‘प्रथेत’ असा उच्चारला जातो आणि त्याचा अर्थ ‘देश’ असा होतो. त्याचे लेखन मात्र मूळ संस्कृत रूपाची आठवण जपणारे आहे. देवनागरीत रूपांतर केल्यास थाई संगणकीय नोंद अशी होईल : प, र, ह्रस्व अकाराचे चिन्ह, एकाराचे चिन्ह, द, श. एककांची संख्या येथेही सहाच, परंतु घडण वेगळी आहे. हल् चिन्ह नाही, कारण थाई लेखनात ‘प’ आणि ‘र’ शेजारी शेजारी लिहिले जातात, एकमेकांत मिसळत नाहीत. आणि एकाराचे चिन्ह ‘द’ च्या आधी आहे. ते डोळ्यांना आधी दिसते म्हणून नोंदीतही आधीच येते.

थाई लिपीत व्यंजनाच्या डावीकडे लिहिली जाणारी पाच स्वरचिन्हे आहेत. टंकलेखन यंत्रावर ती आधी उमटवावी लागत आणि लिहिणाऱ्याच्या हाताला तोच क्रम सवयीचा झाला होता. १९८६ मध्ये सिद्ध झालेल्या आणि १९९० मध्ये, म्हणजे बौद्ध संवत २५३३ मध्ये, पुन्हा प्रसृत झालेल्या ‘टीआयएस ६२०’ या थाई राष्ट्रीय मानकाने हाच दृश्यक्रम मान्य केला. युनिकोडने थाई लिपी घेताना भारतीय लिप्यांचा उच्चारक्रम तिच्यावर लादला नाही. आधी तयार झालेले लेखन वाया जाऊ नये म्हणून थाई मानकाचाच क्रम कायम ठेवला.

या निर्णयाची किंमत शब्दांच्या वर्णानुक्रमात मोजावी लागते. थाई कोशात शब्दाची जागा त्याच्या व्यंजनावरून ठरते. ‘देश’ हा शब्द थाईत एकाराच्या चिन्हाने सुरू होत असला तरी कोशात तो ‘द’ खालीच शोधावा लागतो. संगणकाने केवळ अंकांचा चढता क्रम लावला तर एकाराने सुरू होणारे सगळे शब्द एका ठिकाणी गोळा होतील आणि कोश मोडेल. म्हणून क्रम लावण्यापूर्वी डावीकडील स्वरचिन्ह आणि त्यापुढील व्यंजन यांची मनोमन अदलाबदल करण्याचा नियम संगणकाला शिकवावा लागतो. लेखन सोपे झाले ते कोशरचनेवर भार टाकून. तरीही हा निर्णय थाई लेखकांच्या सवयीशी जुळणारा असल्याने तो टिकला, हे विसरता येत नाही.

लाओ लिपीचे संकेतन थाईच्या धर्तीवरच झाले आहे, पण तेथे दुसरा एक मुद्दा समोर येतो. लाओत हाच शब्द ‘पथेत’ असा होतो. ‘पाथेत लाओ’ या राजकीय चळवळीच्या नावातून तो जगाला परिचित आहे. आधुनिक लाओ लेखन उच्चारानुसारी असल्याने ‘र’ गळून पडला आणि अखेरच्या ‘श’ च्या जागी ‘द’ आला. नोंद पाच एककांची उरली : प, अकाराचे चिन्ह, एकाराचे चिन्ह, थ, द. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतील लाओ वर्णसंच या आधुनिक लेखनापुरताच होता. १९३० च्या दशकात महासिला वीरवोंग यांनी पाली लेखनासाठी लाओ वर्णमालेत जी अधिक अक्षरे योजिली होती ती या संचात नव्हती. त्या अक्षरांत छापलेला पाली ग्रंथ लाओ संकेतांकांत जसाच्या तसा उतरविणे त्यामुळे शक्य नव्हते. ही अक्षरे युनिकोडमध्ये आली ती २०१९ च्या बाराव्या आवृत्तीत. एका लेखनपद्धतीला संपूर्ण लिपी समजल्यामुळे लिपीचा धार्मिक आणि वाङ्मयीन वापर जवळजवळ तीन दशके मानकाबाहेर राहिला, असा याचा अर्थ आहे.

३. ख्मेर : मोडलेला पाय आणि जोडलेला पाय

ख्मेर लिपीत ‘प्रदेश’ ची नोंद देवनागरीशी विलक्षण मिळतीजुळती आहे : प, जोडचिन्ह, र, द, एकाराचे चिन्ह, स. ‘श’ च्या जागी ‘स’ आहे एवढाच फरक. एकाराचे चिन्ह डावीकडे दिसते, पण नोंदीत ‘द’ नंतर येते. ‘प’ ला जोडलेला ‘र’ ‘प’ च्या डाव्या बाजूने वर येतो, पण नोंदीत तो ‘प’ नंतरच आहे. ‘अक्षर’ हा शब्दही ख्मेरमध्ये देवनागरीप्रमाणेच पाच एककांनी नोंदविला जातो. भारतीय प्रतिमान येथे चपखल बसले असे प्रथमदर्शनी वाटते.

परंतु वाद उत्पन्न झाला तो याच ठिकाणी. ख्मेर परंपरेत जोडाक्षरातील दुसरे व्यंजन पहिल्याच्या खाली लिहिले जाते आणि त्या खालच्या रूपाला ‘चेउंग’, म्हणजे ‘पाय’, असे म्हणतात. मराठी शिक्षक ज्याचा पाय मोडतो ते पहिले व्यंजन असते. ख्मेर शिक्षक ज्याला पाय म्हणतो ते दुसरे व्यंजन असते. ख्मेर विद्यार्थी प्रत्येक व्यंजनाबरोबर त्याचे पादरूपही अक्षर म्हणून शिकतो. त्याच्या दृष्टीने तेथे काही मोडलेले नसते, काही जोडलेले असते. १९९९ मधील तिसऱ्या आवृत्तीत ख्मेर लिपी समाविष्ट झाली तेव्हा या पादरूपांना स्वतंत्र संकेतांक दिले गेले नाहीत. त्याऐवजी भारतीय हल् चिन्हाच्या धर्तीवर एक जोडचिन्ह कल्पिले गेले. हे चिन्ह ख्मेर लेखनात कोठेही दिसत नाही. संकेततक्त्यात त्याला दिलेली आकृतीही केवळ सोयीची आहे.

कंबोडियाच्या प्रतिनिधींनी त्यानंतरच्या काळात आंतरराष्ट्रीय मानक समितीपुढे यावर आक्षेप नोंदविला. पादरूपे ही ख्मेरांच्या दृष्टीने स्वतंत्र अक्षरे आहेत, आणि ही लिपी ज्यांची आहे त्यांना विचारात न घेता हे ठरविले गेले, असा त्याचा आशय होता. प्रतिमान बदलले नाही. एकदा दिलेला संकेतांक काढून घ्यावयाचा नाही हे युनिकोडचे स्थैर्याचे धोरण तोवर प्रस्थापित झाले होते. काही अनावश्यक चिन्हांचा वापर टाळावा अशी नोंद मात्र करण्यात आली, आणि २००३ मध्ये चांद्र तिथींच्या चिन्हांची भर पडली.

हा केवळ अस्मितेचा वाद होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. तांत्रिकदृष्ट्या जोडचिन्हाची योजना काटकसरीची आहे आणि ती चालतेही. पण तिच्यातून एक व्यावहारिक अडचण निर्माण झाली आहे. ख्मेरमधील ‘ड’ आणि ‘त’ असे उच्चार असलेल्या दोन व्यंजनांची पादरूपे आजच्या लेखनात दिसायला सारखीच आहेत. लिहिणाऱ्याने उच्चार पाहून त्यांतील योग्य ते व्यंजन निवडावे अशी अपेक्षा असते. डोळ्यांना एकच दिसणारा शब्द त्यामुळे दोन प्रकारे नोंदविला जाऊ शकतो, आणि एका प्रकाराने शोध घेतला तर दुसऱ्या प्रकारची नोंद सापडत नाही.

४. बर्मी : एका अंकाचे दोन अर्थ

चारही लिप्यांत सर्वाधिक क्लेशकारक इतिहास बर्मी लिपीचा आहे. तीही १९९९ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत समाविष्ट झाली. भारतीय प्रतिमानानुसार तिला एकच हल् चिन्ह देण्यात आले. बर्मी लेखनात मात्र त्याची दोन भिन्न कार्ये आहेत. एक, व्यंजनाखाली व्यंजन रचणे. हे प्रामुख्याने पालीजन्य शब्दांत आढळते. दुसरे, व्यंजनातील अकार नष्ट झाल्याचे वर दिसणारे चिन्ह. याला ‘असत’ म्हणतात आणि त्याचा अर्थ ‘मारणे’ असा आहे. बर्मी भाषेतील व्यंजनान्त अवयवांवर हे चिन्ह येत असल्याने ते जवळजवळ प्रत्येक ओळीत पुन्हा पुन्हा लागते. १९९९ च्या योजनेत ते हल् चिन्हापुढे आणखी एक अदृश्य चिन्ह घालून मिळवावे लागे. जे पालीत नित्याचे ते सोपे आणि जे बर्मीत नित्याचे ते अवघड, अशी ही उलटी रचना झाली.

२००८ मधील आवृत्ती ५.१ मध्ये ही चूक सुधारण्यात आली. रचनेच्या अदृश्य चिन्हाकडे १०३९ हा जुना संकेतांक राहिला आणि ‘असत’ ला १०३ए हा नवा संकेतांक मिळाला. (हे क्रमांक सोळा या पायाच्या गणनेतील असून त्यात दहा ते पंधरा या संख्यांसाठी ए ते एफ ही अक्षरे योजतात.) व्यंजनाला जोडून येणाऱ्या य, र, व, ह यांच्या चार चिन्हांनाही १०३बी पासून स्वतंत्र संकेतांक मिळाले. ख्मेरांनी मागितलेले आणि त्यांना न मिळालेले तत्त्व येथे अंशतः मान्य झाले, हे लक्षणीय आहे.

परंतु मधल्या काळात लोक थांबले नव्हते. बर्मी अक्षरे योग्य रीतीने जोडून दाखविण्याची क्षमता त्या वेळच्या प्रचलित संगणकप्रणालींत नव्हती. ‘झॉजी’ या नावाचा एक फाँट त्या क्षमतेशिवायही चालत असे, म्हणून तो घरोघरी पोहोचला. त्याने युनिकोडच्या बर्मी विभागातीलच क्रमांक वापरले, पण ते वर्णांना न देता आकृतींना दिले. ‘र’ च्या जोडरूपाच्या वेगवेगळ्या रुंदींना वेगवेगळे क्रमांक मिळाले. जागा पुरावी म्हणून शान, मोन, करेन इत्यादी भाषांच्या अक्षरांसाठी राखलेले क्रमांकही त्यात खर्ची पडले. बहुसंख्यांच्या सोयीसाठी अल्पसंख्यांची अक्षरे जागेवरून उठविली गेली, असेच याचे वर्णन करावे लागेल.

झॉजीत १०३९ म्हणजे दिसणारा ‘असत’. युनिकोडमध्ये १०३९ म्हणजे पुढील व्यंजन खाली रचण्याची अदृश्य आज्ञा. झॉजीत १०३ए म्हणजे जोडलेला ‘य’. युनिकोडमध्ये तोच अंक ‘असत’ आहे. पालीतील ‘पदेस’ हा शब्द बर्मी लिपीत युनिकोडने नोंदविल्यास प, द, एकाराचे चिन्ह, स असा क्रम येतो. झॉजीत तो प, एकाराचे चिन्ह, द, स असा येतो. एका पद्धतीने लिहिलेले पत्र दुसऱ्या पद्धतीने उघडले की अक्षरे विस्कटतात. आणि दोन्हींचे अंक एकाच विभागातील असल्याने हे लेखन कोणत्या पद्धतीचे आहे हे अंकांवरून निश्चित सांगता येत नाही, केवळ संभाव्यतेने ओळखावे लागते. अखेर १ ऑक्टोबर २०१९ हा दिवस म्यानमारमध्ये युनिकोडच्या अधिकृत स्वीकाराचा दिवस म्हणून ठरविण्यात आला. तोवरच्या वर्षांत झॉजीत जमा झालेल्या लेखनापुढे रूपांतराचा प्रश्न मात्र उभा राहिलाच.

५. स्थैर्य आणि दुरुस्ती

या चार उदाहरणांवरून संकेतनाच्या दोन परस्परविरोधी गरजा स्पष्ट होतात. जुने लेखन वाचता येत राहावे म्हणून संकेत स्थिर असावा लागतो. चूक सुधारता यावी म्हणून तो लवचीक असावा लागतो. युनिकोडने स्थैर्याला प्राधान्य दिले आहे. लाओ विभागातील काही अक्षरांची नावे आरंभीच एकमेकांच्या जागी पडली. नाव बदलावयाचे नाही या नियमामुळे ती आजही तशीच आहेत. त्यांच्यापुढे शुद्ध पर्यायी नाव तेवढे जोडले आहे. ग्रंथाला शुद्धिपत्र जोडावे पण मूळ छपाई तशीच ठेवावी, तसा हा प्रकार आहे.

याला एक बोलका अपवाद आहे. चीनच्या युन्नान प्रांतातील नव्या ताय लू लिपीला २००५ मध्ये उच्चारक्रम देण्यात आला होता. प्रत्यक्षात ती लिपी वापरणारे दृश्यक्रमानेच लिहीत राहिले. शेवटी २०१५ च्या आठव्या आवृत्तीत मानकानेच आपला क्रम बदलला आणि लोकांचा क्रम स्वीकारला. सिद्धान्त आणि सवय यांच्या संघर्षात सवयीचा पक्ष नेहमीच दुबळा नसतो, एवढे यावरून म्हणता येईल.

६. मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने

हा विषय मराठीपासून दूरचा वाटला तरी त्याची झळ मराठी संहितेलाही लागलेली आहे. ‘ॲ’ हे अक्षर २००८ मध्ये, म्हणजे बर्मी सुधारणेच्याच आवृत्तीत, स्वतंत्र संकेतांक मिळून आले. त्यापूर्वी आणि त्यानंतरही ते ‘अ’ वर अर्धचंद्राची मात्रा देऊन लिहिले गेले आहे. दिसायला दोन्ही एकच, पण मानकाच्या दृष्टीने ही दोन समतुल्य रूपे नाहीत. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या शब्दांतील भेद मराठीच्या कानाला आणि डोळ्याला अत्यावश्यक आहे. परंतु ‘दऱ्या’ मधील ‘र’ चे रूप संगणकात दोन मार्गांनी साधता येते : एक ‘ऱ’ या स्वतंत्र संकेतांकाने, दुसरा ‘र’, हल् चिन्ह आणि अदृश्य जोडचिन्ह यांच्या मालिकेने. एखाद्या ग्रंथाची शब्दसूची करणाऱ्याने यांपैकी एकच मार्ग गृहीत धरला तर त्याच्या मोजणीतून शब्दांची अर्धी उदाहरणे निसटू शकतात, आणि निसटल्याचे त्याला कळणारही नाही. युनिकोडपूर्व काळात आकृतिनिष्ठ फाँटमध्ये टंकित झालेल्या मराठी ग्रंथांची स्थिती तर झॉजीतील बर्मी लेखनासारखीच आहे. तो फाँट हाती नसेल तर संहिता हाती असूनही ती वाचता येत नाही.

पाठचिकित्सक जेव्हा हस्तलिखितांवरून संहिता सिद्ध करतो तेव्हा आधारप्रतींची माहिती, लेखकूंच्या सवयी आणि आपण केलेले लेखनविषयक बदल यांची नोंद प्रस्तावनेत करतो. संगणकीय संहितेच्या संपादकावरही हेच उत्तरदायित्व येते. संहिता कोणत्या संकेतनात आहे, जुन्या फाँटमधून ती रूपांतरित केली असल्यास कोणत्या नियमांनी, आणि पर्यायी नोंदींपैकी कोणत्या एकरूप केल्या आहेत, हे त्याने सांगितले पाहिजे. ख्मेर लेखकूला पादरूप हे अक्षर वाटते, बर्मी लेखकूला ‘असत’ वेगळा वाटतो, थाई लेखकूचा हात एकार आधी लिहितो. यांतील प्रत्येक सवयीला संगणकात स्थान मिळणे किंवा न मिळणे यावर पुढील पिढ्यांना काय वाचता येईल हे अवलंबून राहिले. ‘प्रदेश’ हा शब्द या लिप्यांतून वेगवेगळ्या रीतीने नोंदविला जातो तो या सवयींच्या भेदामुळे, आणि म्हणून लिपीचे संकेतन ठरविताना तंत्रज्ञाच्या शेजारी त्या भाषेच्या अभ्यासकाची जागा राखीव असली पाहिजे.